बीजाची पूर्वसिद्धता : भिजणे, रुजणे आणि उगवणे

१. प्रश्नाचे स्वरूप

पेरणी झाल्यापासून रोप जमिनीबाहेर दिसेपर्यंत जे पाचसात दिवस जातात, त्या दिवसांत शेतकऱ्याच्या हाती करण्यासारखे फारसे काही उरत नाही. बी मातीआड गेलेले असते आणि त्याचे भवितव्य ओल, उष्णता व हवा ह्या तिहींवर सोपवलेले असते. खरिपात पहिल्या पावसावर पेरणी उरकावी आणि नंतर पावसाने ओढ द्यावी, हा कोरडवाहू प्रदेशातील नित्याचा अनुभव आहे. रबीची स्थिती वेगळी असली तरी अडचण तीच. सोलापूरकडील मालदांडी ज्वारी असो वा मराठवाड्यातील हरभरा असो, पावसाळा सरतेवेळी जमिनीत मुरून राहिलेल्या ओलीवरच ते पीक उभे करावयाचे असते. वाफसा येतो, पेरणी होते, आणि त्याच दिवसापासून वरचा थर सुकू लागतो. ओल खाली सरकत जाते आणि बियाचे मूळ तिच्यामागून जात असते. मुळाने ओल गाठली तर पीक उभे राहते. न गाठली तर नांग्या भरणे किंवा दुबार पेरणी करणे एवढेच मार्ग उरतात. दुबार पेरणी म्हणजे बियाणे दोनदा, मजुरी दोनदा, आणि एवढे करूनही हंगाम मागे पडलेला.

तेव्हा बीज मातीत असताना जो काळ घेते त्यातील काही भाग त्याने पेरणीपूर्वीच पुरा करावा, अशी व्यवस्था करता येईल काय, असा प्रश्न साहजिकच उद्‌भवतो. तशी व्यवस्था करता येते. बीजास मोजके पाणी देऊन त्याच्या अंतरंगातील क्रिया सुरू करावयाच्या, परंतु अंकुर बाहेर पडण्यापूर्वीच त्या थांबवावयाच्या, ह्या उपचारास कृषिविज्ञानात ‘प्राइमिंग’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यास ‘पूर्वसिद्धता’ असे म्हटले आहे. ‘बीजप्रक्रिया’ हा रूढ शब्द येथे पुरेसा नाही. कारण बुरशीनाशक चोळणे, जिवाणूसंवर्धक लावणे इत्यादी सर्व उपचार त्या एका शब्दाच्या पोटात येतात.

२. एका शब्दाचे तीन अर्थ

ह्या विषयावरील पुष्कळसा गोंधळ मुळात शब्दांचा आहे. ‘उगवण’ हा शब्द तीन वेगवेगळ्या व्यक्ती तीन वेगवेगळ्या अर्थांनी वापरतात. शेतकऱ्याच्या लेखी उगवणे म्हणजे जमिनीवर दिसू लागणे. मराठीत सूर्य उगवतो आणि बीही उगवते. दोन्ही ठिकाणी आड असलेली वस्तू वर येऊन दृष्टीस पडणे हाच अर्थ आहे. वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लेखी मात्र ही क्रिया मातीवर नव्हे, तर बीजातच पुरी होते. बीजाने पाणी शोषण्यास आरंभ केल्यापासून मूलांकुर कवच भेदून बाहेर पडेपर्यंतची अवस्था म्हणजे त्याच्या परिभाषेतील अंकुरण. त्यापुढचे सारे रोपाची वाढ ह्या सदरात जाते. तिसरा अर्थ बीजपरीक्षकाचा. बियाण्याच्या पिशवीवर जी ‘उगवणशक्ती’ छापलेली असते ती प्रयोगशाळेत योग्य ओल व तापमान देऊन, ठराविक दिवसांत शंभरांपैकी किती दाण्यांपासून निर्दोष रोपे तयार झाली ह्याची टक्केवारी होय. प्रमाणित बियाण्यासाठी ही मर्यादा हरभऱ्यास किमान ८५ टक्के, तर सोयाबीनला किमान ७० टक्के अशी ठरलेली आहे.

शेतकऱ्याच्या बोलीत पहिल्या दोन अर्थांमधील भेद नाही, असे मात्र समजू नये. ‘रुजणे’ आणि ‘उगवणे’ ही दोन क्रियापदे तो भेद पुरेपूर पाळतात. रुजणे मातीखालचे आणि उगवणे मातीवरचे. ‘बी रुजले, पण उगवले नाही’ हे वाक्य मराठीत अर्थपूर्ण आहे. पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन जमिनीवर पापुद्रा धरला म्हणजे नेमके हेच घडते.

हा भेद लक्षात घेण्याचे प्रयोजन असे की, पूर्वसिद्धतेने ‘उगवण वाढते’ असे सरसकट विधान केले जाते आणि ऐकणारा ते तिसऱ्या अर्थाने घेतो. साठ टक्के उगवणशक्तीचे बियाणे भिजवल्याने नव्वद टक्क्यांचे होईल, अशी त्याची समजूत होते. ही समजूत चुकीची आहे. जो दाणा मृत आहे तो कोणत्याही पाण्यात भिजवला तरी जिवंत होत नाही. पूर्वसिद्धतेने मुख्यतः वेग आणि एकसारखेपणा वाढतो, संख्या नव्हे. समजा, शंभर दाण्यांपैकी ऐंशी दाणे चौथ्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत विखुरलेले उगवत असतील, तर उपचारानंतर तेच ऐंशी दाणे तिसऱ्या ते पाचव्या दिवशी उगवतील. प्रयोगशाळेच्या तक्त्यात दोन्ही आकडे ऐंशीच राहतील. परंतु शेतात सातव्या दिवशी वरचा थर कोरडा पडणार असेल, तर पहिल्या ढिगातील कितीतरी दाणे मातीतच राहतील आणि दुसऱ्यातील बहुतेक वर येतील. वेगाचे रूपांतर संख्येत होते ते असे. आणि ते प्रयोगशाळेत नव्हे, तर प्रतिकूल जमिनीत होते.

३. बीज पाणी कसे घेते

पूर्वसिद्धतेचे मर्म समजण्यासाठी बीजाच्या जलशोषणाचा क्रम पाहावयास हवा. त्याचे उत्तम प्रात्यक्षिक प्रत्येक मराठी स्वयंपाकघरात घडत असते. उसळीसाठी मटकी रात्री भिजत घातली म्हणजे पहिल्या काही तासांत ती भराभर पाणी पिते आणि फुगते. नंतर फुगणे थांबते. वरून पाहणाऱ्यास काहीच घडत नाही असे वाटते. सकाळी पाणी निथळून ती फडक्यात बांधून ठेवली की पुढे मोड येतात आणि दाण्याचे वजन पुन्हा वाढू लागते. शास्त्रात ह्याच तीन अवस्था मानल्या आहेत.

पहिली अवस्था सर्वस्वी भौतिक आहे. कोरड्या बीजाची पाण्याविषयीची ओढ विलक्षण असते. जलविभवाच्या मापात ती उणे १०० मेगापास्कलच्याही पलीकडे जाते, तर ओल्या जमिनीचे जलविभव शून्याच्या जवळपास असते. ह्या अंतरामुळे पाणी आत ओढले जाते. मृत बीजही ह्याच रीतीने फुगते; म्हणून केवळ फुगणे हे जिवंतपणाचे लक्षण नव्हे.

दुसरी अवस्था बाहेरून स्तब्ध परंतु आतून अत्यंत गजबजलेली असते. वाळण्याच्या आणि साठवणुकीच्या काळात डीएनएस झालेल्या इजा ह्या काळात दुरुस्त केल्या जातात. श्वसन करणाऱ्या तंतुकणिका कार्यक्षम होतात. बीज पक्व होत असतानाच साठवून ठेवलेल्या संदेशवाहक आरएनएच्या आधारे प्रथिने घडू लागतात, आणि पाठोपाठ नवे संदेशही लिहिले जातात. टोमॅटोसारख्या बीजात मूलांकुराच्या टोकासमोरचे पुष्क, म्हणजे गर्भाभोवतीचा साठा, विकरांच्या क्रियेने मऊ होऊ लागते. हा अडसर पुरेसा दुबळा झाल्याशिवाय मूलांकुरास वाट मिळत नाही. तिसऱ्या अवस्थेत मूलांकुराच्या पेशी लांबतात, कवच फुटते आणि पाण्याचे शोषण पुन्हा वाढते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थांमधील सीमा ही ह्या साऱ्या विषयाची किल्ली आहे. दुसऱ्या अवस्थेच्या अखेरपर्यंत बीज पुन्हा वाळवले तरी मरत नाही, आणि झालेल्या कामाचा बराच भाग त्यात टिकून राहतो. पुन्हा पाणी मिळताच ते पहिल्या पायरीपासून नव्हे, तर बरेच पुढून आरंभ करते. मूलांकुर बाहेर पडल्यावर मात्र ही सहनशक्ती लवकरच लोपते. मोड आलेली मटकी उन्हात वाळवून पुन्हा पेरली तर ती उगवणार नाही. रात्रभर भिजवून मोड येण्यापूर्वी वाळवलेली मात्र उगवेल.

स्वयंपाकघरातील आणखी दोन गोष्टी येथे उपयोगी पडतात. पहिली अशी की, मटकी पाण्यातच राहू दिली तर ती आंबते, मोड धरत नाही. म्हणूनच पाणी निथळून टाकावे लागते. ह्या अवस्थेत बीजास प्राणवायूची गरज असते आणि साचलेल्या पाण्यात तो पुरेसा मिळत नाही. दुसरी गोष्ट गणंगाची. कितीही भिजवले तरी काही दाणे टणक राहतात. त्यांचे कवच पाण्यास आत येऊच देत नाही. असे कठीण कवचाचे बीज पूर्वसिद्धतेच्या कक्षेबाहेरचे आहे; त्यास आधी कवच खरवडणे किंवा तत्सम उपचार करावा लागतो.

४. पूर्वेतिहास

पेरणीपूर्वी बी भिजवण्याची कल्पना अर्वाचीन नाही. ग्रीक वनस्पतिवेत्ता थिओफ्रॅस्टस ह्याने ख्रिस्तपूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकांच्या संधिकाळात काकडीचे बी पाण्यात किंवा दुधात भिजवल्यास लवकर रुजते, असे नमूद केले आहे. फ्रान्समध्ये ऑलिव्हिए द सेर ह्याने १६०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कृषिग्रंथात धान्याचे बी खताच्या पाण्यात भिजवून सावलीत सुकवून पेरण्याची रीत दिली.

भारतीय परंपरेतील कौटिलीय अर्थशास्त्राचा पुरावा विशेष अभ्यसनीय आहे. त्यातील सीताध्यक्षाच्या, म्हणजे राजाच्या शेतीवरील अधिकाऱ्याच्या, प्रकरणात धान्यबीजांना सात रात्री ‘तुषारपायन’ आणि ‘उष्णशोषण’ हे उपचार सांगितले आहेत. शेंगांच्या धान्यांसाठी हा अवधी तीन किंवा पाच रात्रींचा आहे. ‘पायन’ हे प्रयोजक रूप आहे: बीज दव पिते असे नव्हे, तर त्यास दव पाजावयाचे. दव पाजणे म्हणजे बुडवणे नव्हे. येथे पाण्याचा पुरवठा थोडा आणि सावकाश आहे, आणि लगेच त्यामागून शोषण आहे. ओले करणे आणि वाळवणे ह्यांचे हे आवर्तन विसाव्या शतकातील ‘दृढीकरणा’च्या प्रयोगांशी रचनेने मिळतेजुळते आहे. त्या प्रयोगांत बी एकदा किंवा अनेकदा भिजवून वाळवीत, आणि अवर्षणात रोपे अधिक तग धरतील अशी अपेक्षा असे. तथापि एवढ्यावरून प्राचीनांना जलशोषणाच्या तीन अवस्था ठाऊक होत्या, असा निष्कर्ष काढणे अनुचित होय. त्यांना फलित ठाऊक होते; कारणमीमांसा ही पुढील काळाची कमाई आहे.

त्या कारणमीमांसेस निर्णायक वळण १९७३ साली मिळाले. नॉटिंगहॅम विद्यापीठातील हायडेकर, हिगिन्स आणि गलिव्हर ह्यांनी ‘नेचर’ ह्या नियतकालिकात बीजाच्या तर्षणजन्य उपचाराविषयी एक टिपण प्रसिद्ध केले. पाणी द्यावयाचे, पण दुसरी अवस्था ओलांडता येईल इतके द्यावयाचे नाही, ही त्यातील कल्पना. त्यासाठी त्यांनी पॉलिएथिलीन ग्लायकॉल ह्या द्रव्याचे द्रावण वापरले. त्याचे रेणू इतके मोठे असतात की ते पेशींच्या आत शिरत नाहीत. ते पाणी धरून ठेवतात आणि बीजास मोजकेच मिळू देतात. घड्याळाकडे पाहून भिजवण थांबवण्याऐवजी पाण्याच्या ओढीनेच बीजास सीमेवर थोपवून धरण्याची ही युक्ती होती.

५. उपचाराचे प्रकार

आज प्रचलित असलेले प्रकार मुख्यतः सीमा कशी राखली जाते ह्यावरून ओळखावेत.

पहिला प्रकार जलसिद्धता: साध्या पाण्यात ठराविक वेळ भिजवणे. येथे सीमेचा रक्षक केवळ काळ आहे. साधन स्वस्त, परंतु चूक होण्याचा संभव अधिक.

दुसरा प्रकार तर्षणसिद्धता. द्रावणाचे जलविभव सामान्यतः उणे १ मेगापास्कलच्या आसपास ठेवून बीज त्यात काही दिवस ठेवतात. मूलांकुर बाहेर येण्याइतके पाणी बीजास मिळतच नाही. म्हणून वेळेची काटेकोर चिंता कमी होते. मात्र पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे द्रावण दाट असते, त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि म्हणून सतत हवा सोडावी लागते. पोटॅशियम नायट्रेटसारखे क्षारही वापरतात. पण त्यांचे आयन बीजात शिरू शकतात आणि प्रमाण चुकल्यास अपाय करतात.

तिसरा प्रकार घनमाध्यमाचा. व्हर्मिक्युलाइटसारख्या सच्छिद्र पदार्थात पाणी मुरवून त्यात बीज मिसळतात; जमिनीत घडते त्याचीच ही नियंत्रित प्रतिकृती होय. फिरत्या पिंपात बीज ठेवून त्यास वाफेच्या रूपाने मोजून पाणी देण्याची पद्धतीही इंग्लंडमध्ये विकसित झाली आणि भाजीपाल्याच्या बियाण्यांच्या उद्योगात रूढ झाली.

महाग भाजीबियाण्यांत हा खर्च परवडतो. लेट्यूसचे बी साधारणतः ३० अंश सेल्सिअसच्या वर अंकुरण्यास नाकारते. कॅलिफोर्निया आणि अ‍ॅरिझोना येथील वाळवंटी खोऱ्यांत हिवाळी पिकाची पेरणी उन्हाळा सरण्यापूर्वीच करावी लागते; तेथे पूर्वसिद्ध बियाणे उष्ण जमिनीतही उगवते, म्हणून ते वापरले जाते.

भिजवण्याच्या पाण्यातच पोषक द्रव्य मिसळण्याचा प्रकारही उपयुक्त ठरला आहे. पाकिस्तानात मक्याचे बी झिंक सल्फेटच्या एक टक्का द्रावणात भिजवून पेरल्याचे प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाले. जस्ताची उणीव असलेल्या जमिनीत, शेतभर खत टाकण्याच्या मानाने अत्यल्प द्रव्यात रोपास आरंभीची गरज भागवता येते, हे त्यांतून दिसले. ट्रायकोडर्मासारखी उपकारक बुरशी किंवा जिवाणू भिजवणीच्या वेळीच बीजावर वसवण्याचे प्रयत्नही होत आहेत.

६. शेतातील भिजवण आणि तिची मर्यादा

कोरडवाहू शेतकऱ्यास ह्यांपैकी एकच प्रकार साध्य आहे: रात्री बी भिजवणे आणि सकाळी पेरणे. ह्या साध्या रीतीचा पद्धतशीर अभ्यास १९९० नंतरच्या दशकात झाला. वेल्समधील बँगोर विद्यापीठाच्या शुष्क प्रदेश अभ्यास केंद्रातील डेव्हिड हॅरिस ह्यांनी आधी बोट्सवानात ज्वारीवर काम केले होते. पुढे कृभको ह्या सहकारी संस्थेच्या प्रकल्पाबरोबर राजस्थान, गुजरात आणि मध्य प्रदेश ह्यांच्या सीमावर्ती आदिवासी भागांत मका, भात आणि हरभरा ह्यांवर प्रयोग झाले. १९९९ साली त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. प्रयोगांचे स्वरूप लक्षणीय होते. शेतकऱ्यांनी आपल्याच शेतात अर्धे बी भिजवून आणि अर्धे कोरडे असे शेजारी शेजारी पेरले आणि फरक स्वतः पारखला. लवकर व एकसारखी उगवण, जोमदार रोपे, आधी येणारा फुलोरा आणि आधी होणारी काढणी असे फायदे त्यांनी सांगितले. बांगलादेशातील बरिंद ह्या उंचवट्याच्या प्रदेशात भाताच्या कापणीनंतर उरलेल्या ओलीवर हरभरा घेण्यासाठीही सुमारे आठ तासांची ही भिजवण उपयोगी ठरली.

ह्या कामातील सर्वांत मोलाची संकल्पना म्हणजे ‘सुरक्षित मर्यादा’. ह्या मर्यादेच्या आत भिजवलेले बीज पाण्याबाहेर काढून ठेवले तर आपण होऊन अंकुरत नाही. जमिनीतून आणखी पाणी मिळाले तरच पुढे जाते. मर्यादा ओलांडलेले बीज मात्र बाहेरचे पाणी न मिळताही पुढे जातच राहते. मग ते कोरड्या मातीत पडले तर त्याचा अंकुर आत सुकून जातो. मका आणि भात ह्यांसाठी ही मर्यादा सुमारे चोवीस तासांची, तर हरभऱ्यासाठी पुष्कळच कमी, एका रात्रीची आहे. वाण आणि पाण्याचे तापमान ह्यांनुसार ती बदलते. म्हणून नव्या बियाण्याचे मूठभर दाणे आधी पारखून घेणे इष्ट.

ह्या संकल्पनेच्या प्रकाशात कोकणातील ‘रहू’ पद्धतीशी पूर्वसिद्धतेची तुलना उद्‌बोधक ठरते. रहूमध्ये भाताचे बी भिजवून, दडपून, मोड आणून चिखलात फेकतात. तेथे सीमा मुद्दाम ओलांडलेली असते, आणि ते योग्यच आहे. कारण चिखलात पाण्याची हमी असते. कोरडवाहू रानात ती हमी नाही. तेथे बीज तयार असावे, परंतु निघून गेलेले नसावे. दोन्ही रीतींस बोलताना ‘बी भिजवणे’ असेच म्हटले जाते. पण पहिलीचा पाठ दुसरीस लावला तर पीक हातचे जाईल.

व्यवहाराच्या दृष्टीने आणखी काही गोष्टी सांगणे अवश्य आहे. भिजवलेले बी सावलीत पसरून वरून सुकवल्याशिवाय पेरू नये. ओले दाणे एकमेकांस चिकटतात, चाड्यातून सरळ सुटत नाहीत आणि तिफणीच्या नळ्यांत अडकतात. दाणा फुगलेला असल्याने बियाण्याचे प्रमाणही पुन्हा जुळवून घ्यावे लागते. जिवाणूसंवर्धक लावावयाचे असल्यास ते भिजवणीनंतर लावावे. पेरणीच्या दिवशी पाऊस आडवा आला तर मर्यादेत भिजवलेले बी सुकवून काही दिवस ठेवता येते. बुरशीनाशक चोळून आलेले विकतचे बियाणे भिजवल्यास औषध पाण्यात उतरते. असे बियाणे भिजवू नये.

७. उपचाराच्या सीमा

पूर्वसिद्धता सर्व पिकांस सारखी मानवत नाही. सोयाबीनचे कवच पातळ असते. कोरडा दाणा एकदम पाण्यात पडला की पाणी वेगाने आत शिरते, पेशींची आवरणे सावरण्यापूर्वीच फाटतात, आतील शर्करा बाहेर झिरपते आणि तिच्यावर बुरशी पोसते. अशा बीजास बुडवून भिजवणे हा उपचार नसून अपाय होय. त्यास पाणी द्यावयाचेच तर ते ओलसर माध्यमातून, सावकाश द्यावे लागते. दव पाजण्याच्या जुन्या रीतीतील सावकाशपणाचे महत्त्व येथे पुन्हा ध्यानात येते.

दुसरी सीमा साठवणीची. सिद्ध केलेले बीज अनेक पिकांत साध्या बीजापेक्षा लवकर म्हातारे होते. जी अवस्था त्यास जमिनीत झपाट्याने पुढे नेते, तीच कोठीत त्यास अल्पायुषी करते. कोरडेपणातील स्वस्थता आणि अंकुरणाची तत्परता हे दोन गुण एकाच वेळी पूर्णपणे लाभत नाहीत. म्हणून असे बियाणे त्याच हंगामात वापरावयाचे असते.

तिसरी सीमा परिस्थितीची. ओल भरपूर आहे, तापमान अनुकूल आहे आणि बियाणे जोमदार आहे, अशा शेतात उपचारित व अनुपचारित पिकांतील प्रारंभीचा फरक पुढे पुष्कळदा पुसला जातो. म्हणून एका ठिकाणचा वाढीव उत्पन्नाचा आकडा दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा सांगणे शास्त्रीय दृष्ट्या असमर्थनीय आहे. ह्या विषयात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने मोजणी करतानाच आपण अंकुरण मोजतो आहोत, उगवण मोजतो आहोत की उगवणशक्ती, हे स्पष्ट लिहावे. आणि अंतिम टक्केवारीबरोबर निम्मे दाणे उगवण्यास लागलेला काळही नोंदवावा. तो काळ नोंदवला नाही तर उपचाराचा मुख्य परिणामच तक्त्याबाहेर राहतो.

सारांश, पूर्वसिद्धता बीजात नवी शक्ती घालीत नाही. जे काम त्याने अनिश्चित ओलीच्या मातीत केले असते, त्यातील काही भाग ती घरातल्या घमेल्यात, हमीच्या पाण्यात करवून घेते. ही बचत दोनतीन दिवसांची असते. बारमाही पाण्याच्या मळ्यात दोनतीन दिवसांचे मोल फारसे नाही. परंतु वाफसा उडून जात असलेल्या काळ्या रानात मूळ ओलीपर्यंत पोचले की नाही, ह्याचा निर्णय तेवढ्याच दिवसांत लागतो.